तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त फसफसत का नाही?

अजिंक्यतारा चढून दरवाज्याशी धापा टाकत बसलो की कुणी ना कुणी विचारतंच, "सर, हा कार्बन डायऑक्साइड रक्तातूनच येतो ना? मग गोटी सोड्यासारखं रक्त फसफसत का नाही?" जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी तास काही सुटत नाही.

प्रश्न मात्र नामी आहे. सोड्याच्या बाटलीत वायू दाबून कोंबलेला असतो. गोटी आत ढकलली की दाब सुटतो. रक्तात तसा दाब नसतोच. बसल्या जागी, फुफ्फुसाकडे परतणाऱ्या रक्तात या वायूचा दाब जेमतेम ४५ मिलिमीटर पारा. साताऱ्यातल्या हवेचा एकूण दाब सातशेच्या आसपास. बुडबुडा धरणार कसा?

शिवाय बराचसा वायू वायू म्हणून जातच नाही. शंभरातले सात-आठ भाग विरघळून जातात, वीस-बावीस हिमोग्लोबिनला चिकटून. उरलेले सत्तर वेष पालटतात. तांबड्या पेशीत शिरलं की पाण्याशी जमतं, कार्बनिक आम्ल होतं आणि ते लगेच फुटून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट. नुसत्या पाण्यात हे काम रेंगाळतं. पेशीत कार्बनिक अनहायड्रेज नावाचं विकर आहे; त्याचा एकेक रेणू सेकंदाला लाखो रेणू उरकतो. बायकार्बोनेट म्हणजे भज्यांच्या पिठात घालतो त्या सोड्यातलंच. ते पेशीबाहेर पडतं आणि क्लोराइड आत घुसतो, एस.टी.त उतरणाऱ्याच्या जागेवर रुमाल टाकावा तसा. हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन सांभाळतं, म्हणून रक्त आंबत नाही.

फुफ्फुसात सगळं उलट. ऑक्सिजन येऊन बसला की हिमोग्लोबिन हायड्रोजन सोडतं, बायकार्बोनेट पेशीत परततं, त्याचा पुन्हा वायू होतो. ऑक्सिजन उतरलेलं रक्त कार्बन डायऑक्साइड जास्त धरतं, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९१४ साली दाखवलं. एवढ्या उलथापालथीला केशवाहिनीत वेळ मिळतो सुमारे पाऊण सेकंद.

आणि एक कबुली. वर्षानुवर्षं मी फळ्यावर निळ्या खडूनं 'अशुद्ध रक्त' लिहिलं. प्रत्यक्षात १०० मिलिलिटर रक्त सुमारे ५२ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड घेऊन फुफ्फुसात येतं आणि ४८ घेऊन निघतं. चार कमी झाले, की त्याला आम्ही 'शुद्ध' म्हणायचो, आणि तांबडा खडू उचलायचो.