आगोट गाडीचीही करावी लागते : आमची वाटचाल

मिरगाच्या आधी कोकणात घरोघरी आगोट भरतात. पडवीत लाकूडफाटा येतो, सुकी मच्छी डब्यात जाते, घर शाकारून होतं. अंगणातल्या मोटरसायकलची आगोट मात्र कोणी करत नसे. पहिल्या पावसात ती बंद पडली की ढकलत आणायची आणि म्हणायचं, "करंट येत नाय." चिपळूणच्या बाजारातलं आमचं दुकान या एका वाक्यावर उभं राहिलं.

१९९८ साली एका चिंचोळ्या गाळ्यात आम्ही दोघं होतो. भागीदार मूळचा पंपाच्या मोटरी भरणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात ब्रेकलाइटचा बल्ब, सायकलचा घासून टोकदार केलेला आरा आणि एक चिमटा जोडून टेस्ट लॅम्प बनवला. पुढे तो गावच्या काजूच्या बागेकडे गेला, लॅम्प माझ्याकडे राहिला. आज दुकानात चांगले मल्टिमीटर आहेत, तरी माझा पहिला हात त्या लॅम्पलाच जातो. नवीन पोरांना हे पटत नाही. तारेचा एकच पदर शाबूत असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब ओढतो. तार आतून सडलेली असेल तर बल्ब मिणमिणतो आणि तिथेच चोर सापडतो.

खरं शिक्षण दिलं ते गुहागरकडच्या वेलदूरच्या मामांनी, एका गिऱ्हाइकाने. मागे मच्छीचा क्रेट बांधून ते रोज पहाटे चिपळूणला यायचे. बर्फ वितळून खारं पाणी सीटखाली उतरायचं आणि टेललाइट, रेक्टिफायरचा (बॅटरीला जाणारा करंट सरळ करणारा भाग) कपलर म्हणजे तारा जोडणारा सांधा, मागची अर्थिंग दर तीन आठवड्यांनी बोंबलायची. मी कपलर साफ करून द्यायचो, गाडी परत यायची. एकदा वैतागून तार सोलत गेलो. कपलरपासून वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. कपड्याच्या वातीत तेल चढतं तसं खारं पाणी पदरांच्या फटींतून पीव्हीसीच्या आत चढत गेलं होतं. वरून तार नवीकोरी दिसत होती.

त्या दिवशी लाल तांबं लागेपर्यंत तार कापली. नवा तुकडा सोल्डर केला, आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवली, कपलर क्रेटच्या धारेतून काढून टाकीखाली नेला आणि त्याचं तोंड खाली केलं. तार कपलरमध्ये शिरण्याआधी तिला थोडा झोल दिला, म्हणजे पाणी पागोळीसारखं झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, आत जात नाही. टेललाइटची अर्थिंग चासीवर न ठेवता वेगळ्या तारेने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणली. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या ग्रीसचा, पातळ हात दिला. त्या गाडीचं मागचं वायरिंग पुढचे चार पावसाळे मला उघडावं लागलं नाही. मामांनी निम्मं वेलदूर माझ्याकडे पाठवलं आणि दुसऱ्या वर्षी मी मे महिन्यातच पाटी लावली, "गाडीची आगोट करून मिळेल."

मधली वर्षं बरी गेली. दोन पोरं कामाला ठेवली, शेजारचा गाळा घेतला.

२६ जुलै २००५ ला पाणी आलं होतं. त्याची खूण भिंतीवर रंगाने मारून ठिणगी पाडणारे सीडीआय आणि कॉइल, वायरिंगचे नवे संच मी खुणेच्या दीड हात वर फळीवर ठेवत आलो. २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी बाजारात शिरली ती ती फळीही गिळून गेली. ओसरल्यावर शटर उचललं तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल होता. पंचनाम्याच्या कागदावर आमच्या नावापुढे "दुरुस्ती दुकान, किरकोळ साहित्य" एवढंच लिहिलं गेलं. तेवीस वर्षांची हत्यारं किरकोळ! तो शब्द मी विसरलेलो नाही.

शहरातल्या शेकडो गाड्या बुडालेल्या. माझं सगळ्यांना एकच सांगणं होतं, चावी लावू नका. ओल्या कपलरमध्ये बारा व्होल्ट सोडले की पाण्यातून करंट वाहतो आणि पॉझिटिव्ह पिन खाल्ली जाते. हिरवा कळंक त्याचाच. सेल्फ मारला आणि इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो तो वेगळाच. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मग पॉझिटिव्ह. प्लग बाहेर. प्रत्येक कपलर उघडून गोड्या पाण्याने चिखल धुवायचा, हलक्या हवेने झटकायचा, मग सुकवायचा. जुलैत ऊन कुठलं? पत्र्याच्या पेटीत साठ वॉटचे बल्ब लावून वायरिंग सुकवलं. एका गाडीला दोन दिवस, कधी तीन.

पलीकडच्या आळीतला एक दुकानवाला "सकाळी आणा, दुपारी न्या" म्हणू लागला. पाणी हटवणारा स्प्रे मारायचा, कपलर कापून तारा पिळायच्या, वर काळी टेप, सेल्फ. तो पोटासाठी करत होता हे मी समजू शकतो. पण मी गाड्या अडवून आतले चांगले पार्ट बदलतो असं त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, ते मी आजही माफ केलेलं नाही. दुकानात उभ्या असलेल्या अकरा गाड्या लोक अर्धवट अवस्थेत टेम्पोत घालून घेऊन गेले. सामान आणायला हातात पैसा नव्हता. गाळा विकायचं घरी बोलून झालं होतं.

तेव्हा मामा आले. वेलदूरच्या सात गाड्यांच्या पुढच्या वर्षीच्या आगोटीचे पैसे त्यांनी गोळा करून आणले होते. "तू म्हणतोस चावी नको, तर नाय लावत," एवढंच बोलले आणि दिवसभर बादलीपाशी बसून कपलर धूत राहिले. त्या पैशांतून सोल्डर, स्लीव्ह, पिना आल्या.

दिवाळीच्या सुमारास टेपवाल्या गाड्या परत यायला लागल्या. टेप पाणी आत कोंडून ठेवते, बाहेर सोडत नाही. सगळ्यात हाल बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या गाड्यांचे. एप्रिल २०२० पासूनच्या त्या गाड्यांत सेन्सरच्या तारांवर पाच व्होल्टचाच खेळ असतो, पिनेवर जरा कळंक आला की ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर, गोंधळतो. त्या अकरांतल्या आठ गाड्या पुन्हा माझ्याच दारात आल्या. मी केल्या. टोमणा मारला नाही, पण पैसे पूर्ण घेतले.

धंद्यातल्या पोरांना दोन-तीन गोष्टी सांगतो. आंबट वास येणारं सिलिकॉन वायरिंगवर कधी लावू नका, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. स्प्रेने पाणी हटतं, पण तो पावसाळाभराचं संरक्षण देत नाही. प्रेशर पंपाची धार कपलरवर, हॅन्डलच्या स्विचवर मारू देऊ नका, पावसाने वर्षात जात नाही तेवढं पाणी ती मिनिटात आत घालते. अंधारात गाडी चालू करून प्लगच्या वायरीवर पाण्याचा फवारा मारून बघा. निळी ठिणगी बाहेर नाचली तर कॅप आणि वायर दोन्ही बदला, नुसती कॅप नको. आणि मजुरी पार्टच्या किमतीत लपवू नका. दोन तास तारा सोलल्या असतील तर बिलात दोन तास लिहा.

पलीकडच्या आळीत यंदा नवी पाटी लागली आहे, "गाडीची आगोट करून मिळेल." शब्द माझाच. भिंतीवर मी आता २०२१ ची खूण मारली आहे, फळी तिच्याही वर, शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही. खाली रॅम्पवर मामांची गाडी उभी आहे, टाकी उतरवलेली. रेक्टिफायरचा कपलर उघडला, पिना पिवळ्या आहेत, कळंक नाही. संध्याकाळी त्यांचा नातू न्यायला येणार आहे.