तुम्ही विचारलंत म्हणून: पीसीओएससाठी डॉक्टर कसा ओळखायचा?

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम: हार्मोनचा तोल बिघडून पाळी, केस आणि साखर यांच्यावर परिणाम करणारा त्रास. "पीसीओएस निघालंय, कोणाकडे जाऊ?" हा प्रश्न बहुतेक वेळा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी येतो. पाठोपाठ दुसराही येतो: "डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या, घेऊ का?" नावं सुचवून यातलं काही सुटत नाही. डॉक्टर पारखायचा कसा, एवढं मात्र नक्की सांगता येतं. माझं उत्तर एका वाक्याचं आहे: जो डॉक्टर रिपोर्ट उघडण्याआधी तुमच्या पाळीच्या तारखा विचारतो, त्याला धरून राहा. आणि त्याने विचारल्यावर तुमच्याकडे तारखा हव्यात. निम्म्या भेटी तिथेच फसतात.

म्हणून डॉक्टर शोधायच्या आधी एक कागद तयार करा. एकच पान, मागेपुढे लिहिलेलं चालेल. वर्षभराच्या तारखा आठवत असतील तर उत्तम, नसतील तर निदान सहा महिन्यांच्या. इथे मोजण्यातच चूक होते. बऱ्याच जणी रक्तस्राव थांबल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस मोजतात. चक्र मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. ३ मार्चला सुरू झालेली पाळी ७ मार्चला थांबली आणि पुढची ८ एप्रिलला आली, तर चक्र ३६ दिवसांचं झालं. थांबल्यापासून मोजलं तर ते ३२ भरतं, आणि "माझी पाळी नियमित आहे" असं सांगितलं जातं. प्रौढ स्त्रीमध्ये ३५ दिवसांपेक्षा लांब किंवा २१ दिवसांपेक्षा आखूड चक्र, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या, याला अनियमित म्हणतात. ते चार दिवस अशा वेळी निदान फिरवतात. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. त्याच्या आधी दोन दिवस नुसते डाग पडले असतील तर ते वेगळे लिहा.

दुसरी खूण त्याहून महत्त्वाची. गोळ्या घेऊन आलेल्या पाळीवर गोल करा. पाळी आणायच्या गोळ्यांचा कोर्स संपल्यावर, किंवा गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या सुट्टीच्या दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो औषध थांबल्यामुळे होतो. बीजकोशातून स्त्रीबीज सुटलं, असा त्याचा अर्थ नाही. हे गोल नसतील तर कागदावर बारा सुरेख पाळ्या दिसतात आणि समोरचा फसतो.

कागदाच्या मागच्या बाजूला केस, त्वचा आणि औषधं. डॉक्टर केसांची वाढ शरीराच्या नऊ जागी बघतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा भाग, बेंबीखालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा भाग आणि कंबर. प्रत्येक जागेला ० ते ४ गुण. बेरीज ४ ते ६ किंवा त्याहून जास्त झाली की केस जास्त आहेत असं धरतात; नेमका आकडा वंशाप्रमाणे थोडा बदलतो. गोम अशी की तपासणीला जाताना बहुतेक जणी आदल्या दिवशी व्हॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करून जातात, मग डॉक्टरांना दिसणार काय? तेव्हा कुठे केस येतात, किती दिवसांनी काढावे लागतात, कशाने काढता, हे लिहून न्या. डोक्यावरचे केस भांगाच्या रेषेशी विरळ होत असतील, मान किंवा काख काळवंडून मखमलीसारखी जाड झाली असेल, तर तेही लिहा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर ते लपवू नका; थायरॉइडच्या आणि इतर काही हार्मोनच्या चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. मानसिक आजारावरची काही औषधं प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) वाढवतात आणि पाळी त्यानेही लांबते. घरात कोणाला मधुमेह आहे का, ही एक ओळ शेवटी.

आता त्या रिपोर्टकडे. "बीजकोशात गाठी आहेत" हे वाक्य वाचून माणूस हादरतो. त्या गाठी नसतात. स्त्रीबीज ज्या पिशवीत वाढतं त्या छोट्या पिशव्या, अर्ध्यावर वाढ थांबून ओळीने उभ्या राहिलेल्या. बहुतेक २ ते ९ मिलिमीटरच्या. त्या काढायच्या नसतात, फुटायची भीती नसते. स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचं वर्णन केलं तेव्हापासून नजर बीजकोशावरच खिळली, आणि नावातही तेच चिकटलं. खरा घोळ अँड्रोजन (पुरुषी म्हटली जाणारी हार्मोन), इन्सुलिन आणि मेंदूकडून येणारे संकेत यांच्यात आहे. इन्सुलिन वाढलं की बीजकोश जास्त अँड्रोजन बनवतो, आणि अँड्रोजन वाढलं की पिशवी पिकत नाही.

निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजन वाढल्याची खूण (केसांवरून किंवा रक्तातून), आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष थोड्या सुधारणांसह आजही चालतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी रक्तातलं एएमएच (बीजकोशातल्या छोट्या पिशव्यांमधून येणारं हार्मोन) चालेल असं म्हटलं. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरजच नाही. उलट, नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. पाळी व्यवस्थित असलेल्या कितीतरी तरुण मुलींच्या बीजकोशात हेच चित्र दिसतं. म्हणून पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच वापरू नये असं सांगितलं आहे. त्या वयात पाळी आणि अँड्रोजन दोन्हींची खूण हवी. पंधरा वर्षांच्या मुलीला फक्त सोनोग्राफीवरून "तुला पीसीओएस आहे" म्हणणारा डॉक्टर मला तरी घाईचा वाटतो.

आणि हे सगळं दुसरं काही नाही हे तपासल्यावर. त्यासाठी टीएसएच (थायरॉइडची चाचणी), प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीतला जन्मजात दोष ओळखायला). गर्भाची शक्यता असेल तर सगळ्यात आधी ती चाचणी. टेस्टोस्टेरॉन (मुख्य अँड्रोजन) बघायचं तर एकूण आणि मुक्त दोन्ही. एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून बीजकोशाला संकेत देणारी दोन हार्मोन) यांचं गुणोत्तर अजून पुष्कळ ठिकाणी काढतात, पण निदानाच्या निकषात ते नाही. उपाशीपोटी इन्सुलिन मोजायचीही रोजच्या उपचारात शिफारस नाही, आकडा फारसा भरवशाचा निघत नाही म्हणून. जी चाचणी व्हायला हवी आणि हमखास राहते ती साखरेची: ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेलं रक्त. वजन कमी असलं तरी ती करायची, आणि पुढे धोक्याप्रमाणे दर एक ते तीन वर्षांनी. नुसती उपाशीपोटीची साखर नॉर्मल आणि दोन तासांची वाढलेली, असं पीसीओएसमध्ये पुष्कळदा दिसतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही बघायला हवं.

इतकं झालं की चांगला डॉक्टर एक प्रश्न विचारतोच: "यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय खुपतंय?" पीसीओएसचा एकच असा उपचार नाही. पाळी, केस, साखर आणि मूल, चारांची औषधं वेगळी, कधी एकमेकांच्या आड येणारी. केस कमी करणारं स्पायरोनोलॅक्टोन गर्भ राहू शकत असेल तर गर्भनिरोधनाशिवाय देत नाहीत. पुढच्या तीन महिन्यांत गर्भ राहायला हवा असेल तर गर्भनिरोधक गोळीचा उपयोग नाही. तिथे स्त्रीबीज सुटण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलला. प्रश्न न विचारता लिहिलेली चिठ्ठी चुकीची असेलच असं नाही, पण ती कोणासाठी लिहिली आहे ते डॉक्टरलाही माहीत नसतं.

"मूल हवं असेल तेव्हा या" हे वाक्य ऐकलंत तर उठलेलं बरं. पाळी महिनोन्‌महिने न येणं हा मुलापुरता प्रश्न नाही. स्त्रीबीज सुटल्यावर बनणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन न मिळता गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसं राहिलं तर त्यात कर्करोगाकडे जाणारे बदल होऊ शकतात. म्हणून ९० दिवस पाळी नाही, असं वारंवार होऊ द्यायचं नाही. गर्भ नाही याची खात्री करून डॉक्टर प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्यांचा साधारण १० ते १४ दिवसांचा कोर्स देतात, किंवा नियमित गर्भनिरोधक गोळी. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: पाळी लांबते म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं समजून बेफिकीर राहणाऱ्यांची फसगत होते. स्त्रीबीज कधी सुटेल ते आधी कळत नाही, एवढंच.

गर्भनिरोधक गोळी देण्याआधी रक्तदाब मोजला का, हे बघा. डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी, धूम्रपान, स्वतःला किंवा घरात कोणाला शिरेत रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारलं का? विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. गोळी सुरू असताना एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, असं झालं तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. केसांचा परिणाम दिसायला गोळीला किमान सहा महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात "काही फरक नाही" म्हणून सोडलेल्या गोळ्यांची मोजदाद कोणी केली तर मजेशीर आकडा निघेल.

मेटफॉर्मिन, म्हणजे साखर आणि इन्सुलिनसाठीचं औषध, काही जणी लवकरच सोडतात. मळमळ, जुलाब, तोंडात धातूसारखी चव. याचं कारण बऱ्याचदा सुरुवातच मोठ्या डोसने झालेली असते. ५०० मिलिग्रॅम जेवणाबरोबर, आणि दर एक-दोन आठवड्यांनी ५०० ने वाढवत नेलं तर पोट सावरतं. हळूहळू विरघळणारी गोळी आणखी सोसवते. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-१२ अधूनमधून तपासायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. इनोसिटॉल या पूरक पावडर-गोळीबद्दल रोज विचारणा होते. त्याने फार बिघडत नाही, पण फायद्याचा पुरावा तोकडा आहे, आणि ते औषधाची जागा घेत नाही.

वजनाबद्दल डॉक्टर कसं बोलतो, यावरून त्याची खरी ओळख पटते. "आधी दहा किलो कमी करा, मग बघू" हा उपचार नाही. पीसीओएसमध्ये वजन चढणं सोपं आणि उतरणं अवघड, हे त्याला माहीत असायला हवं. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरल्यावरही पाळी सुधारू शकते, पण उतरलं नाही म्हणून बाकीचे उपचार थांबत नाहीत. कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, त्यामुळे ठरावीक पदार्थांची छापील यादी हातात आली तर फार भारावून जाऊ नका. व्यायामाचा आकडा मात्र आहे: आठवड्याला मध्यम दमाचा किमान १५० मिनिटं किंवा जोरकस ७५ मिनिटं, शिवाय दोन वेगळ्या दिवशी स्नायूंना ताण देणारा. वजन हलो न हलो, इन्सुलिनवर त्याचा परिणाम होतो. वजनकाट्यावर उभं करण्याआधी "चालेल ना?" असं विचारणारा डॉक्टर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

मन आणि झोप यांच्याबद्दल फार कमी जण विचारतात. पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही. घोरणं आणि सकाळी उठल्यावर थकवा असेल तर कागदावर लिहा. हनुवटीवरच्या चार केसांपायी आरशात बघणं टाळणारी बाई "क्षुल्लक तक्रार" घेऊन आलेली नसते.

कोणाकडे जायचं? स्त्रीरोगतज्ज्ञापासून सुरुवात पुरेशी असते. साखर बिघडलेली असेल किंवा टेस्टोस्टेरॉन बरंच वाढलेलं असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे तज्ज्ञ. केस आणि मुरुमं हाच मुख्य त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञ सोबतीला. लेसर काळ्या, जाड केसांवर चालतो, पांढऱ्यावर नाही. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला तर मात्र हे नेहमीचं पीसीओएस समजून बसायचं नाही, तातडीने दाखवायचं.

दहा मिनिटांच्या भेटीत सगळं होत नाही. प्रत्येक औषधाला चार प्रश्न: हे कशासाठी, किती दिवस, काय झालं तर थांबवू, पुन्हा कधी दाखवू. उत्तर देताना डॉक्टर चिडला तर ती चीड आज गर्दी होती म्हणून की नेहमीचीच, हे दुसऱ्या भेटीत कळेल. एका भेटीवर निकाल देऊ नका. डॉक्टर बदलायचाच ठरला तर आकड्यांसकट सगळे रिपोर्ट घेऊन जा, "सगळं नॉर्मल होतं" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. आणि गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर जाण्याआधी फोन करून विचारा, कारण गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉनचा आकडा दाबलेला येतो आणि खरा हवा असेल तर ती किमान तीन महिने बंद ठेवावी लागते. ठेवायची का ते नव्या डॉक्टरांना ठरवू द्या. बंद ठेवायला सांगितलं तर त्या तीन महिन्यांत गर्भनिरोधनासाठी दुसरं काय वापरायचं, हे त्याच फोनवर विचारून घ्या.