पोलादातले दाणे कुणाच्या पोटात जातात?

"मॅडम, घट्ट पोलादात दाणे वाढतात म्हणजे काय? ते काय ज्वारीचं कणीस आहे?" भोसरीत जॉब, म्हणजे कारखान्यात घडवलेले सुटे भाग, तपासायला गेले की हीट ट्रीटमेंटचा (पोलाद भट्टीत तापवून-थंड करून त्याचे गुण बदलण्याच्या कामाचा) नवा सुपरवायझर हे विचारतोच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

दाणे म्हणजे एकमेकांना चिकटून बसलेले बारीक स्फटिक, पोलाद त्यांचंच बनलेलं असतं. 'वाढतात' हा शब्दच फसवा आहे. भट्टीत नवं काही उगवत नाही. काही दाणे आक्रसत नाहीसे होतात, शेजारी त्यांची जागा खातात, आणि उरलेल्यांची सरासरी वाढते.

घरी बघायचं तर दोन काचांच्या फटीत साबणाचा फेस भरा. बुडबुडा म्हणजे दाणा, त्याची भिंत म्हणजे दोन दाण्यांमधली सीमा. तीन भिंती जिथे भेटतात तिथे 120 अंशांचे कोन होतात. पाच बाजूंच्या बुडबुड्याच्या भिंती सरळ असत्या तर कोपरा 108 अंशांचाच झाला असता. 120 गाठायला त्या बाहेर फुगतात. फुगलेली भिंत सरळ व्हायला बघते, म्हणजे आत सरकते, आणि बुडबुडा आटतो. सात बाजूवाल्याच्या भिंती आत वाकलेल्या, तो फोफावतो. सहावाला जागच्या जागी. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी 1952 मध्ये हे फेसासाठी मांडलं, शास्त्रज्ञ मुलिन्स यांनी 1956 मध्ये धातूसाठी. क्षेत्रफळ बदलण्याचा वेग 'बाजू वजा सहा' या आकड्याच्या प्रमाणात. दाणा केवढा आहे, याला सूत्रात जागाच नाही! मला याचं अजून नवल वाटतं. (हे सपाट चित्रापुरतं. त्रिमितीचा नेमका हिशेब जमायला 2007 उजाडलं.)

वेळेचं म्हणाल तर आदर्श स्थितीतसुद्धा दाण्याचा व्यास दुप्पट व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. दाणे फार मोठे झाले की पोलाद ठिसूळ होतं, आणि त्यात खरी भीती तापमानाची. पोलाद बनवताना ॲल्युमिनियम घातलेलं असतं. त्याच्या नायट्राइडचे (नायट्रोजनबरोबरच्या संयुगाचे) बारीक कण भिंतींना पाचरीसारखे अडवून धरतात. तापमान भलतंच चढलं की कण विरघळतात, पाचर सुटते.

एका कारखान्यात तसंच झालं. थर्मोकपल, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर, 930 अंश सेल्सिअस दाखवत होता, भट्टी त्याच्या बरीच वर. गिअरचा दात तुटला, तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. पॉलिश, एचिंग (दाण्यांच्या सीमा दिसाव्यात म्हणून सौम्य आम्लाचा हात) करून दात मायक्रोस्कोपखाली धरला. 100 पट मोठ्या चित्रात 8 नंबरच्या (हा दाण्याच्या आकाराचा नंबर, जितका मोठा तितके दाणे बारीक) पोलादाचे चौरस इंचाला 128 दाणे दिसतात. इथे जेमतेम दोन.

सुपरवायझरनं डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाला, "बाकीचे सव्वाशे ह्या दोघांनी खाल्ले?"

"हो. आधी थर्मोकपल बदला."