तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं जुळतं कुठे?

"तुम्ही घरात मराठी बोलता, नवसाला मलिदा करता. मग त्या रशियन नि येमेनी ज्यूंशी तुमचं जुळतं तरी काय?" ठाण्यात शेजारी विचारायचे. आता इस्रायलमध्ये घरी मराठी पाहुणा आला की हाच प्रश्न.

जुळतं ते पोथीत, म्हणजे तोरात, ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात.

जहाज फुटून आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, पोथ्या समुद्रात गेल्या, असं आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, लहानपणापासून ऐकत आलो. पुढे घाण्यावर तेल गाळून पोट भरलं. शनिवार हा शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. पोथीची भाषा हिब्रू विसरली, पण पोथीतली एक ओळ तोंडात राहिली: 'शेमा इस्राएल'. हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच. माझी आजी डोळ्यांवर हात धरून ती म्हणायची, मग आम्हा पोरांना मराठीत अर्थ सांगायची.

1796 साली आमच्यातल्याच सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बांधलं. पोथी पुन्हा आमच्यात आली.

तोरा अजूनही चामड्यावर हातानेच लिहितात. तीन लाखांहून जास्त अक्षरं. एक जरी चुकलं, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचायला चालत नाही. येमेनी आणि इतरांच्या पोथ्यांत जेमतेम नऊ अक्षरांचा फरक. शतकानुशतकं एकमेकांपासून इतकं दूर राहून! मला याचं फार अप्रूप वाटतं.

पोथी एक असूनही 1960 च्या दशकात इथे इतर ज्यूंशी होणाऱ्या आमच्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली गेली. उपोषणं करावी लागली. ते दुःख अजून विरलेलं नाही, आणि मी ते झाकणार नाही.

पण एका ऑगस्टातला शब्बाथ सांगतो. शेजारच्या येमेनी सिनेगॉगमध्ये गेलो होतो. पोथी लाकडी पेटीत उभी, चाल अनोळखी. प्रत्येक ओळीमागे एक लहान मुलगा तिचं अरामी या जुन्या भाषेतलं भाषांतर म्हणत होता. मला आजी आठवली. पाहुणा म्हणून पोथीजवळ बोलावलं, आणि ओळ दाखवायच्या चांदीच्या काठीचं टोक 'शेमा'वर आलं. या शब्दातलं शेवटचं अक्षर 'आयिन' प्रत्येक तोरात मुद्दाम मोठं लिहितात. वाचणाऱ्या आजोबांनी ते घशाच्या तळातून उच्चारलं. शेजारचा रशियन ते जवळजवळ गिळूनच टाकतो, मी कोकणी वळणाने म्हणतो.

चामड्यावर ते मोठं, काळं, तेच होतं.