कबर नसलेला वैमानिक: ल बूर्जे ते पूलकापेल

पहिल्या महायुद्धातला फ्रेंच लढाऊ वैमानिक जॉर्ज गीनमेर याची कबर कुठेच नाही. म्हणून आधी पॅरिसजवळच्या ल बूर्जेला जाऊन त्याचं विमान बघायचं आणि मग बेल्जियममधलं पूलकापेल गाठायचं. क्रम हाच ठेवा, म्हणजे गावात पोचल्यावर तिथं काय पडलं ते डोळ्यांसमोर येतं.

ल बूर्जेचं हवाई संग्रहालय सोमवारी बंद असतं. सगळी गर्दी तिथल्या काँकॉर्ड विमानाकडे धावते. तुम्ही थेट जुन्या टर्मिनलमधल्या पहिल्या महायुद्धाच्या दालनात शिरा. 'व्हिय शार्ल' हे त्याचं एक स्पॅड जातीचं लढाऊ विमान तिथंच आहे. लाकूड, कापड आणि पुढे इंजिन, बस्स! 1894 मध्ये जन्मलेला हा पोरगा इतका किडकिडीत, की लष्करानं त्याला एकदा सोडून दोनदा नाकारलं. 1914 च्या अखेरीस तो फ्रान्समधल्या पो इथल्या विमानतळावर मेकॅनिकचं काम शिकायला म्हणून घुसला आणि पुढच्याच जुलैत त्यानं पहिलं जर्मन विमान पाडलं. शेवटचा आकडा 53. पंख्याच्या मधोमध 37 मिलिमीटरची तोफ बसवलेलं विमानही त्यानं आग्रहानं करवून घेतलं. प्रत्येक गोळा हातानं भरायचा आणि धुराने कॉकपिट भरून जायचं! हौस म्हणायची की वेड?

11 सप्टेंबर 1917 ला पूलकापेलजवळ तो नाहीसा झाला. वय 22. आपल्याला प्रेत सापडलं होतं, असं जर्मनांनी कळवलं. पण तोफांच्या माऱ्यात तिथली जमीनच उलटीपालटी झाली. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना मात्र सांगत, की तो इतका उंच गेला की खाली येता आलं नाही.

पॅरिसहून लीलपर्यंत वेगवान रेल्वेनं तासाभरात पोचता. पुढे बेल्जियममधल्या कोर्त्रेकला गाडी बदलून ईपर, हे पूलकापेलजवळचं शहर. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. ईपरहून सायकल घ्या. रस्ता सपाट आहे, पण वारा दमवतो. विंडचीटर हवाच. गीनमेरचा स्तंभ गावातल्या चौकात आहे, वर उडता करकोचा, म्हणजे त्याच्या तुकडीचं चिन्ह. वाहनं चुकवूनच फोटो काढा. जवळच लांगेमार्कची जर्मन दफनभूमीही बघून घ्या.

रात्री आठच्या बिगुलासाठी ईपरच्या मेनिन गेट या युद्धस्मारकापाशी अर्धा तास आधी उभे राहा. त्या भिंतींवर भारतीय सैनिकांचीही नावं आहेत, ती आधी शोधा. आणि शाकाहारी मंडळींनी फ्राइज विचारूनच घ्यावेत, तिकडे ते पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात.