पुडी
आज वहिनीला घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले होते. टीएसएच (थायरॉइड मंदावलं की वाढणारं हार्मोन) वाढलेला. "म्हणजे हे सगळं वाढलेलं वजन थायरॉइडचंच ना?" वहिनीने विचारलं. डॉक्टर हसल्या. त्यातले दोन-चार किलोच, तेही बरंचसं मीठ-पाणी. जिना चढताना मांड्या भरून येतात, ते मात्र थायरॉइडमुळे असू शकतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, गुडघ्यांसाठी पुडी वगैरे घेता का? काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने पोट नि चेहरा सुटतो, हातापायांचे स्नायू झिजतात. अचानक बंद केलं तर त्याच्यामुळे सुस्तावलेली ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) पुरेसं बनवत नाही, रक्तदाब कोसळू शकतो.

वहिनीच्या पर्समधून पुडी निघालीच! 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणे. असलं विकणाऱ्यांची चीड येते.

उद्या सकाळी आठला कॉर्टिसॉलची तपासणी.