मोकळ्या नाकातली घुसमट

दुर्बीण कुठेही न घासता थेट घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली, इतकं ते नाक मोकळं होतं. आणि ताई सांगत होत्या, "डॉक्टर, नाक बंद आहे, हवाच जात नाही."

आधीच्या एका डॉक्टरांनी त्यांना मानसोपचाराकडे पाठवलं होतं. याचा मला अजून राग येतो. हवा आत जातेय हे मेंदूला कळतं ते अस्तराला लागणाऱ्या गारव्यामुळे. ताईंना होता पीनस, म्हणजे नाकाचं अस्तर झिजत जाऊन खपल्या धरणारा आजार. त्यात अस्तर सुकतं, गारवा टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकंही जातात. मग नाक कितीही मोकळं असो, माणूस घुसमटतोच.

रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्सनी भरलेला द्रव अस्तरात टोचून ते सुधारायचं, हा उपाय पीआरपीचा. त्याचे पुरावे लहान अभ्यासांपुरतेच आहेत, हे सांगूनच आम्ही सुरुवात केली. 20 मिलि रक्त, ते गोठू नये म्हणून सायट्रेट, सेंट्रिफ्यूजच्या दोन फेऱ्या. पहिल्या हळू फेरीत तांबड्या पेशी खाली बसतात. वरचा पिवळा प्लाझ्मा काढून दुसऱ्यांदा जोरात फिरवला, की प्लेटलेट्स तळाशी जमतात. इतकं कोणीही करील. खरा वेळ जातो खपल्या काढण्यात. कोमट सलाइनने भिजवून, धीराने, एकेक. कोरडी ओढली की रक्त आलंच.

पहिलीच सुई टर्बिनेटच्या, म्हणजे नाकातल्या अस्तराने मढलेल्या हाडाच्या कंगोऱ्याच्या, उरल्यासुरल्या भागात घातली आणि औषध दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. "घशात खारट लागतंय," ताई म्हणाल्या. अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालेलं. मी थांबलो. मग 27 गेजची सुई जवळजवळ आडवी धरली आणि पुढच्या बाजूने थेंबथेंब सोडत गेलो. दर वेळी आधी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना, ते बघायचं; इथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी संबंध आहे, घाईला जागा नाही. शेवटी डास चावल्यासारखा एक फुगवटा उठला आणि टिकला. त्या फुगवट्याचा आनंद मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं झाली. तिसऱ्यानंतर ताई आल्या त्या सांगतच, "श्वास घेताना गार लागतं हो!" खपल्या कमी होत्या, अस्तरावर ओलसर चकाकी होती.

नंतर बोलता बोलता कळलं, या तीन महिन्यांत त्यांनी दिवसातून तीनदा नाक धुणं एकदाही चुकवलं नव्हतं. आधीची कित्येक वर्षं ते जेमतेम आठवड्यातून एकदा व्हायचं. तीनदा का धुवायचं, हे त्यांना कोणी नीट बसून सांगितलंच नव्हतं.

आता त्या चौथं इंजेक्शन मागताहेत. मंगळवारी येतील. मी अजून ठरवू शकलेलो नाही.